अकरा पाट्या

मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' नावाचं चारशे मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं, तेव्हा मी ऑफिसात एका मशीनच्या सुट्या भागाची वाट बघत होते. मी खरेदी विभागात काम करते. कंटेनरचा नंबर आणि माल पोचायची तारीख यापलीकडे जहाजांशी आमचा संबंध येत नाही. त्या आठवड्यात मात्र दिवसातून दहा वेळा मी नकाशा उघडून बघत होते. २३ तारखेला अडकलेलं जहाज २९ तारखेला निघालं, पण तोवर मागे शेकडो जहाजांची रांग लागली होती आणि त्यातल्या कुठल्यातरी एकावर आमचा भाग होता.

त्याच दिवसांत एका मैत्रिणीने ऑनलाइन व्याख्यानाची लिंक पाठवली. जगातल्या घडामोडी शाळेतल्या मुलांना आणि तुमच्याआमच्यासारख्यांना समजावून सांगणारी एक छोटी स्थानिक संस्था होती, तिचा कार्यक्रम. वक्ते मालवाहू जहाजांवर उभं आयुष्य काढलेले निवृत्त कॅप्टन. मला वाटलं होतं, ते अडकलेल्या जहाजाबद्दल बोलतील. त्यांनी सुरुवात केली ती १९६७ च्या जूनपासून. त्या वर्षीच्या अरब-इस्रायल युद्धात कालवा बंद झाला तो थेट १९७५ च्या जूनमध्ये उघडला. कालव्याच्या मधोमध ग्रेट बिटर लेक नावाचं सरोवर आहे, तिथे आठ देशांची चौदा जहाजं अडकून पडली. पश्चिम जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, स्वीडन, पोलंड, बल्गेरिया, चेकोस्लोव्हाकिया. शीतयुद्धाच्या दोन्ही बाजू एकाच तळ्यात. वाळवंटातल्या वाळूने जहाजं पिवळी पडली, म्हणून त्यांना 'पिवळा ताफा' म्हणू लागले. त्या खलाशांनी मिळून एक मंडळ काढलं, स्वतःची तिकिटं छापली, १९६८ मध्ये आपापसांत ऑलिंपिकसुद्धा भरवलं.

मी ऐकतच राहिले. माझा एक सुटा भाग सहा दिवस अडकला म्हणून मी जगाचा नकाशा उघडला होता, आणि इथे आठ वर्षांची गोष्ट होती, तिच्यामागे एक युद्ध होतं, त्याच्यामागे १९५६ मधलं कालव्याचं राष्ट्रीयीकरण होतं. शाळेत असताना हे मला कोणी असं जोडून सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटलं. त्याच रात्री मी संस्थेच्या खात्यात देणगी भरली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'फक्त व्याख्यानांसाठी'.

दोन दिवसांनी फोन आला. संस्था चालवणाऱ्या बाई बोलत होत्या. तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. सगळेच त्यांना बाई म्हणतात, मीही म्हणू लागले. आभार मानून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही 'फक्त व्याख्यानांसाठी' लिहिलंय. तुमची तशीच इच्छा असेल तर पैसे तसेच वापरू. पण तुम्हाला सांगावंसं वाटलं, आमचे वक्ते मानधन घेत नाहीत. व्याख्यानाला आम्हाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. पैसे लागतात ते जागेच्या भाड्याला, झेरॉक्सला, मुलांच्या बसभाड्याला आणि आमच्या एका पूर्णवेळ मुलीच्या पगाराला."

देणाऱ्या प्रत्येकाला असा फोन एकदा तरी यायला हवा, असं मला आजही वाटतं. आपण पैसे देताना आपल्याला जे दिसलं त्याच्यासाठी देतो. मंच, वक्ता, टाळ्या. त्याच्या मागे टेबलावर पाचशे पानं लावून स्टेपल करणारं कोणीतरी असतं, ते दिसत नाही. मी शेरा काढून टाकायला सांगितला. तेव्हापासून कुठल्याही संस्थेला देताना मी एकच लिहिते, 'जिथे गरज असेल तिथे'.

फोन ठेवताना बाईंनी विचारलं, "महिन्यातले दोन शनिवार द्याल का?"

मी लगेच हो म्हटलं नाही. नवीन पुरवठादार घ्यायचा असला की आम्ही त्याची नीट चौकशी करतो, तशीच मी संस्थेची केली. नोंदणीची कागदपत्रं, मागच्या तीन वर्षांचा तपासलेला ताळेबंद, विश्वस्त कोण आणि त्यांच्यातल्या कोणाला संस्थेकडून पैसे मिळतात का, हे विचारलं. बाईंना राग आला नाही. त्यांनी फाईलच समोर ठेवली. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो फाईलच्या शेवटचा एक कागद. त्यावर संस्थेने स्वतःला घालून घेतलेले तीन नियम होते. कोणत्याही राजकीय पक्षाच्या व्यासपीठावर संस्था जाणार नाही. प्रत्येक विषयाला निदान दोन बाजूंची मूळ कागदपत्रं मुलांना वाचायला दिली जातील. आणि वक्ता व विषय देणगीदार ठरवणार नाही. खाली सगळ्या विश्वस्तांच्या सह्या. जगाच्या राजकारणावर शिकवणाऱ्या संस्थेकडे असा कागद नसेल तर तिथे आपला वेळ देण्याआधी दहादा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या तिसऱ्या नियमाने पुढे माझीच परीक्षा घेतली, ते येईलच.

पहिले काही शनिवार मी फक्त सामान उचललं. खुर्च्या मांडणं, हजेरी घेणं, पृथ्वीगोल खोक्यातून काढणं. बाई मुलांचा पहिला तास नेहमी नकाशावर घेत. भिंतीवर जगाचा मोठा सपाट नकाशा लावायच्या आणि विचारायच्या, "ग्रीनलंड मोठं की आफ्रिका?" मुलं गोंधळायची, कारण त्या नकाशावर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. खरं तर आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदा पट आहे. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये हा नकाशा काढला तो खलाशांसाठी. होकायंत्राची दिशा सरळ रेषेत दिसावी म्हणून त्याने ध्रुवांकडचे प्रदेश ताणले. नकाशा खोटा नव्हता, तो एका कामासाठी होता. बाई हे वाक्य दरवेळी सावकाश म्हणायच्या.

मग त्या माझ्याकडे दोऱ्याचं रीळ द्यायच्या. एका मुलाला सपाट नकाशावर टोकियो ते न्यूयॉर्क पट्टीने रेघ मारायला सांगायच्या. रेघ पॅसिफिकच्या मधून सरळ जायची. नंतर मी पृथ्वीगोलावर दोऱ्याचं एक टोक टोकियोवर दाबून धरायचे, दुसरं टोक मूल न्यूयॉर्कवर धरायचं आणि दोरा ताणायचं. ताणताना दोरा घसरायचा. हळूहळू वर सरकायचा, अलास्कावर जायचा, कॅनडाच्या उत्तर भागावरून खाली उतरायचा आणि तिथे घट्ट बसायचा. एक मुलगा तो बोटाने ढकलून पुन्हा पॅसिफिकमध्ये आणायला बघत होता. दोरा सैल पडला. "काकू, तो तिकडेच जातोय," तो म्हणाला. त्याला सांगायची गरज उरली नव्हती की सगळ्यात जवळचा रस्ता तो आहे. आर्क्टिकवर इतक्या देशांचा डोळा का, हा पुढचा प्रश्न त्याच दोऱ्यातून निघाला.

सहा महिन्यांनी बाई म्हणाल्या, आता तुम्ही ऑक्टोबरच्या सुरक्षा परिषदेची तयारी करा.

मुलांना देश वाटून देऊन संयुक्त राष्ट्रांची बैठक भरवायची, ही पद्धत जुनीच. संयुक्त राष्ट्रांच्या आधी राष्ट्रसंघ होता, त्याच्या काळातसुद्धा विद्यार्थी अशा बैठका भरवत. आता त्याच्या मोठ्या स्पर्धा होतात, उत्कृष्ट प्रतिनिधीला ढाल मिळते. मला त्या स्पर्धा आवडत नाहीत. जो मोठ्याने आणि सफाईने बोलतो तो जिंकतो, आणि ज्याने कागद नीट वाचलेत तो मागे राहतो. आमच्या संस्थेने बक्षीस बंद केलं होतं. शिवाय आम्ही आजचा विषय घेत नाही, घडून गेलेला घेतो. आजच्या विषयावर मुलं घरी ऐकलेलंच बोलतात. जुन्या विषयावर त्यांना वाचावंच लागतं.

त्या वर्षीचा विषय होता ऑक्टोबर १९६२, क्यूबा. सोव्हिएत संघाने क्यूबात अण्वस्त्रं वाहून नेणारी क्षेपणास्त्रं आणल्याचं अमेरिकेच्या विमानांनी टिपलं होतं. २२ तारखेला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी भाषण करून ते जाहीर केलं आणि क्यूबाकडे जाणारी लष्करी सामग्री समुद्रात अडवणार असं सांगितलं. २३, २४ आणि २५ तारखेला सुरक्षा परिषद बसली. या तीन दिवसांची कागदपत्रं मुलांना समजतील अशा मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच शब्दाला मी अडले. केनेडींनी 'नाकेबंदी' हा शब्द मुद्दाम टाळला होता, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी म्हणजे युद्धाची कृती मानली जाते. त्यांनी शब्द वापरला 'क्वारंटाइन'. आमची मुलं साथीचा काळ नुकताच काढून आलेली, त्यांना क्वारंटाइन म्हणजे घरात चौदा दिवस. मी आधी 'सागरी अडवणूक' असं लिहून पाहिलं. बाईंनी ते खोडलं. "अर्थ सोपा करायचा, पण राजकारण पुसायचं नाही. त्यांनी आजाराचा शब्द का उचलला, हाच तर प्रश्न आहे." मग मी 'क्वारंटाइन' तसंच ठेवलं आणि समासात 'नाकेबंदी' लिहून दोन्ही शब्दांमधला फरक शोधायला सांगितलं. एका शब्दासाठी दोन रविवार गेले. ते मला अजिबात वाया गेलेले वाटत नाहीत.

मग पाट्या केल्या. आज परिषदेत पंधरा सदस्य असतात, पण ते १९६५ पासून. १९६२ मध्ये अकराच होते. पुठ्ठा कापून, दुमडून, दोन्ही बाजूंना जाड पेनाने नावं लिहिली. अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स, चीन हे पाच कायमचे, आणि निवडून आलेले सहा : चिली, घाना, आयर्लंड, रुमानिया, व्हेनेझुएला, आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक या नावाने बसलेला इजिप्त.

चिठ्ठ्या टाकून देश वाटले. नववीतल्या एका मुलीला घाना आला आणि तिचा चेहरा पडला. तिला अमेरिका हवी होती. "घानाला कोण विचारणार?" ती म्हणाली. मी तिला काही समजावलं नाही, फक्त घानाची चार पानं दिली. घाना स्वतंत्र झाला १९५७ मध्ये, म्हणजे देश पाच वर्षांचा. हे वाचून तिने मान वर केली. तिचा धाकटा भाऊ पाच वर्षांचा होता.

सोव्हिएत संघाच्या पाटीमागे बसलेल्या मुलाला वेगळीच अडचण. परिषदेचं अध्यक्षपद देशांच्या इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमाने महिन्यामहिन्याला फिरतं. १९६२ च्या ऑक्टोबरात ते सोव्हिएत प्रतिनिधी झोरिन यांच्याकडे आलं होतं. ज्याच्या देशावर आरोप, तोच बैठकीचा अध्यक्ष. मुलांनी आरडाओरडा केला, हा अन्याय आहे म्हणाली. बाई म्हणाल्या, "नियम बदलायचा का? बदला. पण मग पुढच्या वेळी कोणावर आरोप आहे हे कोण ठरवणार?" बराच वेळ चर्चा झाली. शेवटी मुलांनी नियम तसाच ठेवला. तो मुलगा अध्यक्ष म्हणून इतका काटेकोर वागला की अमेरिकेला बोलायला दिलेली वेळ त्याने घड्याळ लावून पूर्ण दिली.

चीनच्या पाटीने मला धडा दिला. फळ्यावर आम्ही दोन रकाने केले होते. एकात क्यूबाच्या तारखा. दुसरा बाईंनी रिकामा ठेवला होता आणि विचारलं होतं, याच दिवसांत जगात अजून काय चाललं होतं? एक मुलगा घरून आजोबांना विचारून आला. २० ऑक्टोबर १९६२, चीनचा हिमालयात हल्ला. त्याने ते दुसऱ्या रकान्यात लिहिलं आणि वर्ग एकदम शांत झाला. आपल्याकडे बासष्ट म्हटलं की हिमालय आठवतो. उरलेल्या जगाला क्यूबा आठवतं. दोन्ही एकाच आठवड्यातले, हे मलाही त्या फळ्यासमोर उभी असताना पहिल्यांदा लख्ख दिसलं. ज्या दिवसांत मदतीसाठी जगाकडे बघायचं, नेमक्या त्याच दिवसांत जगाचा श्वास दुसरीकडे अडकलेला होता.

मग त्याच मुलाने विचारलं, "काकू, जो चीन आपल्यावर हल्ला करतोय, तोच इथे कायमचा सदस्य म्हणून बसलाय?"

मी हो म्हणणार होते. बाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि त्याला म्हणाल्या, "ती पाटी कोणत्या सरकारची आहे ते पुढच्या शनिवारपर्यंत शोध." घरी जाऊन मीही शोधलं. १९६२ मध्ये ती खुर्ची तैवानातल्या सरकारकडे होती. बीजिंगच्या सरकारला ती मिळाली १९७१ च्या ऑक्टोबरात. म्हणजे हिमालयात लढणारा चीन त्या टेबलावर नव्हताच, आणि टेबलावरचा 'चीन' लढत नव्हता. त्या मुलाने पुढच्या शनिवारी पाटी उलटी करून पाठीमागे छोट्या अक्षरांत 'तैपेई' लिहिलं. ती पाटी अजून तशीच जपून ठेवलीय.

बैठकीच्या दिवशी अमेरिकेने फोटो दाखवले, सोव्हिएत संघाने ते खोटे ठरवले, व्हेनेझुएला रागावून बोलला. घाना शेवटपर्यंत गप्प होती. मग तिने उभं राहून घाना आणि संयुक्त अरब प्रजासत्ताकाचा मसुदा वाचला. संयुक्त राष्ट्रांचे प्रभारी सरचिटणीस ऊ थांट यांनी संबंधित पक्षांशी थेट बोलावं, आणि तोवर कोणीही परिस्थिती चिघळेल असं काही करू नये, एवढंच त्यात होतं. वाचताना तिचा कागद हलत होता. वाचून झाल्यावर ती बसली नाही. "आमच्याकडे क्षेपणास्त्रं नाहीत," ती म्हणाली, "म्हणून आम्ही दोघांनाही थांबा म्हणू शकतो." हे तिच्या कागदावर नव्हतं. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. इतकी वर्षं मी कुठे कुठे दिलेल्या पैशांचं काय झालं ते मला कधी कळलं नव्हतं. त्या दिवशी ते मी डोळ्यांनी पाहिलं.

खऱ्या परिषदेत त्या मसुद्यावर मतदान झालंच नाही. तीन मसुदे समोर होते, २५ तारखेला बैठक तहकूब झाली, आणि खरं काम ऊ थांट यांच्या पत्रांतून आणि पडद्यामागच्या बोलण्यांतून झालं. २८ तारखेला क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं सोव्हिएत संघाने मान्य केलं. त्या बदल्यात तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढायचं अमेरिकेने गुपचूप कबूल केलं होतं, ते जगाला पुष्कळ नंतर कळलं. मुलांना हा शेवट आवडला नाही. मग परिषदेचा उपयोग काय, असं त्यांनी विचारलं. त्यावर पुढचे दोन शनिवार गेले आणि सगळ्यांचं एकमत काही झालं नाही.

दुसऱ्या वर्षी मला कार्यकारिणीवर घेतलं, आणि तिथे पैशांचा प्रश्न समोर आला.

एक मोठे देणगीदार आले. तीन वर्षं, दरवर्षी आमच्या खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा ते उचलणार होते. बोलणं अतिशय सभ्य. दोनच अपेक्षा होत्या. वक्त्यांची यादी आधी त्यांना दाखवायची, आणि निर्वासितांवरचा वर्ग तूर्त घ्यायचा नाही, कारण तो विषय 'लोकांना दुखावतो'. निर्वासितांचा वर्ग म्हणजे आमच्याकडे १९५१ चा करार वाचायचा, निर्वासित कोणाला म्हणायचं ही त्यातली व्याख्या समजून घ्यायची, आणि तो करार न स्वीकारलेल्या देशांची बाजूही वाचायची. त्यात दुखावण्यासारखं काय आहे हे मला समजलं नाही.

तरीही त्या बैठकीत मी पैसे घ्यावेत असं म्हटलं. हे मी मोकळेपणाने सांगते, कारण मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. पूर्णवेळ काम करणाऱ्या मुलीचा पगार दोन महिने उशिरा झाला होता. एक वर्ग तीन वर्षं बाजूला ठेवला तर बाकीचे पंधरा नीट चालतील, असा माझा हिशेब होता. बाईंनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग त्यांनी फाईल उघडून तो सह्यांचा कागद माझ्यासमोर सरकवला. "हा वाचून तुम्ही आमच्याकडे आलात," एवढंच त्या म्हणाल्या. आवाजात जराही ओरखडा नव्हता.

कागद मी पुन्हा वाचला. दोन बाजू वाचायला लावणाऱ्या संस्थेने एक बाजू पैसे देणाऱ्याला विचारून ठरवली, तर घानाच्या खुर्चीत बसलेल्या त्या मुलीला आम्ही कुठल्या तोंडाने शिकवणार होतो? मतदान झालं, नकार ठरला. पत्र लिहायचं काम मी मागून घेतलं. त्यात आभार होते, तिसरा नियम शब्दशः होता, आणि कोणत्याही अटीशिवाय द्यायची इच्छा असेल तर दार उघडं आहे, असं होतं. उत्तर आलं नाही.

पुढचं वर्ष फार ओढाताणीचं गेलं. भाड्याची खोली सोडली. वाचनालयाने त्यांचा मागचा हॉल शनिवारी वापरू दिला. छपाई निम्म्यावर आणली, एका संचावर तीन मुलं वाचू लागली. मी माझ्या परीने एक गोष्ट हातात घेतली, दरमहा देणारे सभासद जोडणं.

सुरुवातीला आम्ही सगळ्या ओळखीच्या ग्रुपवर एक मोठा मेसेज टाकला. त्याला भरपूर अंगठे आले, पैसे जवळजवळ आलेच नाहीत. मग मी जुनी हजेरीपुस्तकं काढली आणि एकेकाला फोन करायला लागले. रोज संध्याकाळी तीन फोन, त्याहून जास्त नाही, कारण चौथ्या फोनला माझ्या आवाजात घाई येते. मदत करा असं मी सुरुवातीला म्हणत नव्हते. तुम्ही आला होतात त्या व्याख्यानातलं काय लक्षात राहिलंय, असं विचारायचे. लोक बोलायला लागायचे. एका गृहस्थांना पिवळ्या ताफ्याची तिकिटं अजून आठवत होती. मग मी सांगायचे की आम्हाला दरमहा ठरावीक, लहानशी रक्कम हवी आहे, आणि का हवी आहे. एकदम आलेल्या मोठ्या रकमेने एक कार्यक्रम होतो. दरमहा येणार हे माहीत असलेल्या लहान रकमांवर वर्षाच्या सुरुवातीलाच शाळांना तारखा देता येतात, पगाराची तारीख पाळता येते. खरेदी विभागात माल वेळेवर येण्याची खात्री भावापेक्षा मोलाची असते, तसंच हे.

त्याहून जास्त उपयोग झाला तो पालकांना वर्गात मागच्या बाकावर बसवण्याचा. महिन्यातून एकदा, कोणत्याही पालकाने यावं आणि मुलांबरोबर तोच कागद वाचावा. १९५४ मध्ये अमेरिकेत पोर्टलंड शहरात फॉरेन पॉलिसी असोसिएशन नावाच्या संस्थेने घराघरांतून माणसं जमवून परराष्ट्र धोरणावर अशाच चर्चा सुरू केल्या होत्या, आधी सगळ्यांनी तेच वाचायचं आणि मग बोलायचं, या बोलीवर. बाईंनी ते कुठेतरी वाचलं होतं. आमच्या मागच्या बाकांवर बसलेल्या पालकांपैकी बरेच जण सभासद झाले, आणि त्यांना फोन करावा लागला नाही. चार महिन्यांत आम्ही पगाराची तारीख पाळू लागलो. वर्षाअखेर छपाई पुन्हा पूर्ण झाली. खोली मात्र परत घेतली नाही. वाचनालयाचा हॉल आम्हाला मानवला, तिथे येणारी बाहेरची माणसंही दारात थांबून ऐकतात.

निर्वासितांचा वर्ग त्या वर्षी बाईंनी स्वतः घेतला. दारात उभ्या राहिलेल्या एका आजींनी तो संपल्यावर आत येऊन १९४७ मधली त्यांची हकिगत सांगितली. त्या कोणाशी फारसं बोलत नाहीत, असं वाचनालयातल्या दादांनी नंतर सांगितलं.

यंदाचा विषय आहे १९५६, सुएझ. मीच सुचवला. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी २६ जुलैला कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, ऑक्टोबरच्या अखेरीस आधी इस्रायलने आणि मग ब्रिटन-फ्रान्सने इजिप्तवर हल्ला केला, परिषदेत ब्रिटन आणि फ्रान्सने नकाराधिकार वापरला, आणि मग प्रश्न सगळ्या सदस्य देशांच्या आमसभेकडे नेण्याचा ठराव आला. तो कार्यपद्धतीचा असल्यामुळे तिथे नकाराधिकार चालत नव्हता. सात विरुद्ध दोन, दोघे तटस्थ. 'तटस्थ' आणि 'गैरहजर' यातला फरक मुलांना कसा सांगायचा यावर मी सध्या लिहितेय.

गेल्या शनिवारी पाट्या कापत बसले होते. घाना झालेली मुलगी आता कॉलेजात आहे आणि माझ्याबरोबर शनिवार देते. पेनाने नावं तीच लिहीत होती. नवीन आलेला सातवीतला एक मुलगा सुकलेल्या पाट्या ओळीने लावत होता. ऑस्ट्रेलिया, बेल्जियम, क्यूबा, इराण, पेरू. शेवटची हातात धरून तो भिंतीवरच्या नकाशापाशी गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

"काकू, युगोस्लाव्हिया कुठंय?"

आमसभेकडे जायचा तो ठराव मांडला होता नेमका युगोस्लाव्हियानेच. मी काही बोलायच्या आत तिने कपाटातून जुना अ‍ॅटलास काढला, शेजारी नवा ठेवला, आणि दोन्हींत एड्रियाटिक समुद्राचं पान उघडलं. जुन्या पानावर त्याला देश दाखवला. मग नव्या पानावर बोट ठेवून मोजायला लागली. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बॉस्निया, सर्बिया, मॉन्टेनिग्रो, उत्तर मॅसिडोनिया. तिथे तिचं बोट थांबलं.

"काकू," तिने वर न बघता विचारलं, "कोसोव्हो धरायचं का?"

मी कात्री खाली ठेवली आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.